शाप, वरदान आणि दादाचा फोन

मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकानं कधी ना कधी हा निबंध लिहिलेला असतो : ‘विज्ञान – शाप की वरदान?’ सुरुवातीला विजेचा दिवा आणि रेल्वे, मध्ये हिरोशिमा, शेवटी ‘विज्ञान हे दुधारी शस्त्र आहे, ते कसं वापरायचं हे माणसाच्या हातात आहे.’ पूर्णविराम. दहापैकी सात.

मी शिरोळ तालुक्यातल्या एका कॉलेजात शिकवते. नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या अभ्यासक्रमात मूल्यशिक्षणाचे दोन-दोन क्रेडिटचे कोर्स आले, त्यात तंत्रज्ञान आणि नीती हा विषय माझ्याकडे आला. दरवर्षी पहिल्या आठवड्यात मी मुलांना पानभर लिहायला सांगते : तंत्रज्ञानामुळे तुमच्यासमोर कधी नैतिक प्रश्न उभा राहिला का? दरवर्षी हाच निबंध परत येतो. हिरोशिमाच्या जागी आता डीपफेक असतो आणि काही वेळा चॅटजीपीटीनं लिहून दिलेला असतो, त्यामुळे शुद्धलेखन सुधारलेलं असतं. दुधारी शस्त्र मात्र जागेवर.

या निबंधात खोटं काही नाही. पण त्याचं शीर्षकच आपल्याला चुकीच्या रस्त्याला लावतं. शाप आणि वरदान हे दोन्ही शब्द पुराणातले. शाप ऋषी देतो, वरदान देव देतो. घेणाऱ्याच्या हाती फक्त भोगणं किंवा उपभोगणं. पण भस्मासुराची गोष्ट आठवून पाहा. ज्याच्या डोक्यावर हात ठेवीन तो भस्म होईल, हा वर त्यानं मागून घेतला. शंकरानं तो दिला. मग जो भस्म झाला असता त्याच्या मरणाला जबाबदार कोण? मागणारा, देणारा, की हात? निबंधात फक्त हाताची चर्चा होते. बाकी दोघं सुटतात.

म्हणून या कोर्समध्ये मी एक नियम ठेवला आहे : ‘तंत्रज्ञानानं’ या शब्दानं वाक्य सुरू करायचं नाही. ‘मोबाईलनं मुलं बिघडली’ असं लिहायचं नाही. कुणी, कुणाचं, काय केलं ते लिहायचं. सुरुवातीला मुलं वैतागतात, कारण असं लिहायला बसलं की अर्धी पानं रिकामी राहतात.

ग्रुप करायचा की नाही?

कोर्स इंटरनेटवर बराच अवलंबून आहे. वर्ग आठवड्यातून एकदा भरतो. मुलं कुरुंदवाड, नांदणी, अर्जुनवाड, नृसिंहवाडी अशा गावांतून एसटीनं येतात, आणि ऊसतोड सुरू झाली की घरच्या कामानं निम्मा वर्ग कमी होतो. वाचायचे उतारे, व्हिडिओ, प्रश्न फोनवर पाठवणं सोयीचं. तेव्हा पहिल्याच तासाला मुलं म्हणतात, “मॅडम, ग्रुप करा की.”

ग्रुप करायला अर्धा मिनिट लागतं. या अर्ध्या मिनिटात काय काय होतं, हा आमचा पहिला धडा. व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. म्हणजे वर्गातल्या सगळ्या मुलींचे नंबर सगळ्या मुलांकडे जातात, आणि ते मी दिलेले असतात. मी पाठवलेला मेसेज कुणी वाचला, किती वाजता वाचला, हे मला दिसतं. रात्री पावणेदोनला कोण जागं होतं, हे मला कळायचं काहीही कारण नाही, तरी कळतं. उलट ब्रॉडकास्ट लिस्ट केली तर नंबर फक्त माझ्याकडे राहतात, पण मग मुलांना एकमेकांशी बोलता येत नाही, शंका विचारता येत नाहीत.

मग चिठ्ठ्या घेतल्या. नाव न घालता लिहायचं : ग्रुप हवा की नको, आणि का. बहुमत ग्रुपच्या बाजूनं होतं. नको म्हणणाऱ्या चिठ्ठ्या थोड्या होत्या. त्यातल्या एकीवर निळ्या पेनानं दोनच वाक्यं होती : ‘फोन दादाचा आहे. दादा सगळं वाचतो.’

ती चिठ्ठी मी कुणाची म्हणून शोधली नाही. पण तिनं कोर्सचा निम्मा अभ्यासक्रम बदलला. पुढच्या आठवड्यात प्रायव्हसी हा विषय होता. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निकाल दिला, तो मला शिकवायचा होता. त्यावरचा नेहमीचा गृहपाठ असतो ‘तुमच्यावर कोण कोण नजर ठेवतं ते लिहा’. हा प्रश्न त्या मुलीच्या फोनवर पाठवला, की पहिला वाचणार दादा. उत्तर तीच टाईप करणार, पण दादा ते वाचणार हे ठाऊक असताना. ती गूगलचं नाव लिहील, सरकारचं लिहील. जो खरोखर नजर ठेवतो त्याचं लिहू शकणार नाही.

वर्गात यावर जोरदार वाद झाला. बहुमत ग्रुपच्या बाजूनं आहे तर ग्रुप व्हायला हवा, ही लोकशाही आहे, असं एकाचं म्हणणं. दुसरी म्हणाली, “तुझा नंबर द्यायचा का नाही हे तू ठरव. माझा नंबर द्यायचा का नाही यावर तुझं मत कशाला?” मला वाटतं त्या वर्षभरात लोकशाहीबद्दल वर्गात बोललं गेलेलं हे सगळ्यात नेमकं वाक्य होतं. काही गोष्टी मतदानाला टाकताच येत नाहीत. ज्याची वस्तू त्यालाच विचारावं लागतं, एकेकाला, आणि नाही म्हणायची मोकळीक ठेवून.

शेवटी तोडगा निघाला तो असा : सूचना ब्रॉडकास्टवर. ज्यांना ग्रुप हवा त्यांनी आपापसात करावा, पण कोर्सची एकही गोष्ट फक्त ग्रुपवर राहणार नाही. आणि सगळं साहित्य कागदावर छापून वाचनालयातही ठेवायचं. व्यक्तिगत प्रश्नांची उत्तरं वर्गातच, कागदावर. त्याच दिवशी वाचून परत. काही मुलांनी कुरकुर केली : दोनचार जणांसाठी सगळ्यांना डबल काम कशाला? ज्यांना प्रिंट हवी त्यांनी मॅडमकडून मागून घ्यावी. तेवढंही होऊ शकलं असतं. पण मागायला आलेली मुलगी सगळ्यांना दिसली असती, आणि ‘तुझ्याकडं फोन नाही का?’ हा प्रश्न तिला रोज झेलावा लागला असता. सगळ्यांसाठी कागद ठेवला की तो कुणाच्या अडचणीची खूण राहत नाही.

वारणेचे संगणक

यंत्र आलं म्हणजे काय बदलतं आणि काय तसंच राहतं, हे समजून घ्यायला कोल्हापूर जिल्ह्याला बाहेर जायची गरज नाही. १९९८ साली वारणानगर परिसरातल्या सुमारे ७० गावांत ‘वायर्ड व्हिलेज’ नावाचा प्रकल्प सुरू झाला. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणेचा सहकारी समूह असे तिघं त्यात होते. गावागावात संगणक बसले. बाजारभाव, शेतीसल्ला, सरकारी माहिती, नोकऱ्या, सगळं शेतकऱ्याच्या दारात येणार होतं. आज ही वाक्यं ओळखीची वाटतात, तेव्हा देशात ती नवी होती.

प्रत्यक्षात त्या संगणकांचा मुख्य उपयोग उरला तो कारखान्याशी असलेल्या व्यवहारापुरता. माझा ऊस किती टन भरला, खत किती उचललं. शेतकऱ्याचे प्रश्न हेच होते. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी सात गावांत संगणकाच्या जागी साधा एसएमएस वापरून पाहिला, आणि तेवढं काम त्यावरही भागलं, तेही कमी खर्चात. त्या संशोधकांपैकी एक, केंटारो टोयामा, यांनी नंतर २०१५ मध्ये ‘गीक हेरेसी’ नावाचं पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : तंत्रज्ञान माणसांच्या आधीपासूनच्या इच्छा आणि क्षमता मोठ्या करतं, नसलेल्या तयार करत नाही.

वारणेत सहकाराची घडी आधीच बसलेली होती, नोंदी ठेवायची सवय होती. यंत्रानं ती लांबवर नेली. शेतीसल्ला द्यायची घडी तशी नव्हती, ती संगणकानं बसवून दिली नाही. ही गोष्ट मुलांना पटकन कळते, कारण तोडीची पाळी कधी येणार या प्रश्नाभोवती त्यांचं घर वर्षानुवर्षं फिरलेलं असतं. ॲप कितीही चांगलं असो, पाळी कोण ठरवतं हा प्रश्न ॲपच्या बाहेरच असतो.

पण टोयामांचं सूत्र मला अपुरंही वाटतं. कर्णा आवाज मोठा करतो हे खरं. मग कर्ण्यात बोलणाऱ्याचं काय? आणि तो आवाज ऐकून पुढच्या कर्ण्यात तेच ओरडणाऱ्याचं?

जसं आलं तसं पाठवलं

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातलं साक्री तालुक्यातलं राईनपाडा. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातली पाच माणसं तिथं आली होती. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे अशी अफवा त्याआधी व्हॉट्सअॅपवर पसरलेली होती. जमावानं त्या पाचही जणांना ठेचून मारलं, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपनं भारतात एक मेसेज एका वेळी जास्तीत जास्त पाच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली.

वर्गात हा विषय निघतो तेव्हा सगळ्यांची बोटं मारणाऱ्यांकडे जातात, आणि ती जायलाच हवीत. पण मी विचारते ते त्या माणसाबद्दल, ज्यानं मारलं नाही, जो तिथं नव्हताही. ज्यानं चार दिवस आधी तो व्हिडिओ बहिणीच्या काळजीनं, भाच्यांची आठवण येऊन, पुढं पाठवला आणि खाली लिहिलं ‘जसं आलं तसं पाठवलं’. त्यानं काही वाईट केलं का?

इंग्लंडमध्ये विल्यम क्लिफर्ड नावाचा गणितज्ञ होता. १८७७ साली त्यानं ‘श्रद्धेची नीती’ अशा अर्थाच्या शीर्षकाचा निबंध लिहिला. त्यात एक जहाजमालक आहे. जहाज जुनं झालंय, दुरुस्ती हवी, हे त्याला आतून माहीत आहे. पण खर्च नको म्हणून तो स्वतःची समजूत घालतो : इतक्या फेऱ्या केल्यात, ही पण होईल. मनापासून विश्वास ठेवतो आणि माणसं भरून जहाज सोडतो. जहाज बुडतं. तो दोषी आहे हे सगळेच म्हणतील. क्लिफर्डचा पुढचा मुद्दा असा, की जहाज सुखरूप पोचलं असतं तरी तो तेवढाच दोषी होता. फक्त पकडला गेला नसता. पुराव्याशिवाय विश्वास ठेवणं हाच गुन्हा, निकाल काहीही लागो.

म्हणजे आपण आयुष्यभर पाठवलेल्या हजारो फॉरवर्डमधून कुणी मेलं नाही, ते आपलं नशीब. चारित्र्य नव्हे. इथवर वर्ग शांतपणे ऐकतो.

मग मागच्या बाकावरून नदीकाठच्या गावातला एक मुलगा उठतो. “मॅडम, हे इंग्लंडात ठीक आहे. आमच्यात पाणी येतंय तवा कोण थांबतंय? आधी म्हसरं सोडायची का बातमी तपासायची?”

शिरोळ की शिरोली?

या मुलाचा प्रश्न साधा नाही. पंचगंगा आणि कृष्णा आमच्याच तालुक्यात, नृसिंहवाडीला मिळतात. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही महापुरांत शिरोळ तालुका पाण्यात होता. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका मानतात. २०१९ मध्ये तिथलं पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. तिथलं पाणी खाली आमच्याकडे पोचायला वेळ लागतो, आणि त्या वेळेत गावं रिकामी करायची असतात. अशा रात्री ‘खात्री झाल्यावरच पाठवा’ हा सल्ला माणसं बुडवू शकतो. विल्यम जेम्स या अमेरिकी तत्त्वज्ञानं १८९६ मध्ये क्लिफर्डला असंच काहीसं उत्तर दिलं होतं : काही निर्णय थांबवून ठेवता येत नाहीत, कारण थांबणं हाही एक निर्णयच असतो.

मग आम्ही एक सराव करतो. समजा रात्री अकराला मेसेज आला : ‘शिरोलीत पाणी शिरलं, रस्ता बंद, लगेच निघा.’ शिरोली हे पुणे-बंगळूर महामार्गावरचं गाव, हातकणंगले तालुक्यातलं. शिरोळ वेगळं. बाहेरच्या माणसाला दोन्ही सारखीच वाटतात. नातेवाईक मुंबईहून घाबरून पाठवतो, वाटेत कुणीतरी ‘दुरुस्त’ करून शिरोळ करतो. आता तुम्ही काय कराल? पाठवलं आणि चुकीचं निघालं तर शेजारची म्हातारी विनाकारण रात्री ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसेल. नाही पाठवलं आणि खरं निघालं तर?

मुलांनी मिळून काढलेलं उत्तर मला क्लिफर्ड आणि जेम्स या दोघांपेक्षा कामाचं वाटतं. त्यांचं म्हणणं, पाठवायचं, पण जसं आलं तसं नाही. चार गोष्टी जोडायच्या : हे मी पाहिलं की ऐकलं, कुणाकडून ऐकलं, किती वाजता, आणि मला काय माहीत नाही. खाली स्वतःचं नाव. ‘मुंबईच्या मामांचा मेसेज आहे, गाव शिरोली की शिरोळ नक्की नाही, मी तलाठ्यांना फोन लावतोय.’ एवढं लिहायला वीस सेकंद लागतात, म्हसरं तेवढी थांबतात. आणि वाचणाऱ्याला स्वतःचा निर्णय घ्यायला काहीतरी मिळतं.

पूर्वी गावात दवंडी पिटली जायची. ती चुकीची असू शकायची, पण हलगी कुणी वाजवली आणि कुणी वाजवायला सांगितली हे गावाला माहीत असायचं. चूक झाली तर कुणाच्या दारात जाऊन विचारायचं ते ठरलेलं होतं. फॉरवर्डमध्ये आवाज पोचतो आणि दार गायब होतं. ‘जसं आलं तसं’ या तीन शब्दांत माणूस स्वतःला संदेशातून पुसून टाकतो. पुन्हा शाप-वरदान : वरून आलं, खाली गेलं, मी कुठंच नव्हतो.

सही कुणी करायची?

इथं एक हुशार मुलगी मला नेहमी अडवते. दरवर्षी वेगळी मुलगी, प्रश्न तोच. “मॅडम, नाव घालायला सांगताय. मग चिठ्ठ्या बिननावाच्या का घेतल्या?”

बरोबर आहे. ‘दादा सगळं वाचतो’ या वाक्याखाली नाव मागितलं असतं तर ते वाक्य लिहिलंच गेलं नसतं. तेव्हा प्रत्येकानं प्रत्येक ठिकाणी नाव सांगावं असा नियम होऊ शकत नाही. इंटरनेटवर खरं नाव सक्तीचं करा अशी मागणी अधूनमधून होते. ती ऐकताना मला ती चिठ्ठी आठवते.

माझी समजूत अशी आहे. ज्याच्या हातात दुसऱ्याचं काही आहे, त्यानं सही करावी. ज्याचं काही दुसऱ्याच्या हातात आहे, त्याला नाव झाकायचा हक्क असावा. चिठ्ठी लिहिणारी मुलगी कुणाचंच काही ठरवत नव्हती, ती स्वतःवर काय ठरवलं गेलंय ते सांगत होती. फॉरवर्ड करणारा मात्र त्या क्षणापुरता शक्तिमान असतो. शेकडो घरांची झोप त्याच्या अंगठ्याखाली असते.

हाच निकष वरपर्यंत लावता येतो. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात काही जणांच्या सोशल मीडियावरच्या स्टेटसवरून तणाव झाला, बंद, दगडफेक, लाठीमार झाला आणि इंटरनेट बंद करण्यात आलं. काहींच्या कृत्यासाठी सगळ्यांचं नेट जावं का, यावर वर्गात दोन तट पडतात, आणि दोन्हीकडे प्रामाणिक मुलं असतात. मी एकच गोष्ट पुढं ठेवते : जानेवारी २०२० मध्ये अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की इंटरनेट बंदीचे आदेश प्रसिद्ध करावे लागतील आणि ती बंदी बेमुदत असू शकत नाही. आदेश प्रसिद्ध करणं म्हणजे सही करणं. कुणी, कशासाठी, किती काळ, हे लिहून देणं, म्हणजे त्याविरुद्ध कुठं दाद मागायची ते लोकांना कळतं.

आणि हाच निकष माझ्यावरही लागतो. आता कोर्सच्या पहिल्या दिवशी मी एक पान वाटते. आपण कोणती ॲप वापरणार, का वापरणार. तुमचा नंबर कुणाला दिसेल. तुम्ही मेसेज कधी वाचलात हे मला दिसतं, त्यावरून मी हजेरी किंवा गुण ठरवणार नाही. तुम्ही काय लिहिलंत ते माझ्याकडे किती दिवस राहील. फोनशिवाय हा कोर्स कसा पूर्ण करता येईल. खाली माझं नाव आणि सही. कंपन्यांच्या ‘आय ॲग्री’सारखं बटण त्यावर नाही. न पटलेलं खोडून, शेजारी लिहून, पान परत द्यायचं असतं.

ती परत आलेली पानं मी निबंधांपेक्षा जास्त लक्षपूर्वक वाचते. कुणी ‘किती दिवस’ या शब्दांभोवती गोल काढलेला असतो. कुणी विचारलेलं असतं, कॉलेज सोडल्यावर माझा नंबर काढून टाकाल का? ‘हो’ लिहून मी खाली तारीख घालते. या पानांवर शाप आणि वरदान हे शब्द अजून तरी कुणी लिहिलेले नाहीत.

त्या दादाचं काय, हा प्रश्न मात्र या पानानं सुटत नाही. वाचनालयातला कागद त्याच्या नजरेतून सुटतो, त्याची नजर तशीच राहते. त्याला बोलावून समजवावं असं दरवर्षी एखादी मुलगी सुचवते, आणि दुसरी लगेच म्हणते, “नको, मग फोनच काढून घेतील.” दुसरीचं ऐकावं लागतं, कारण परिणाम तिच्यासारखीलाच भोगायचे आहेत. पण पुढच्या बाकांवर काही दादाही बसलेले असतात. त्यांच्यासाठी मी नियमात बसणारा गृहपाठ देते : ‘मी घरात कुणाचा फोन वाचतो? तिला विचारून की न विचारता?’ कागदावर, वर्गात, नाव घालून.